ग्राँ गिन्योल आणि हॉरर सिनेमा

ग्राँ गिन्योल हे पॅरिसच्या पिगाल भागातलं एक छोटं थिएटर, १८९७ ला सुरू झालं आणि १९६२ ला बंद पडलं, आणि हॉरर सिनेमाच्या आजच्या बऱ्याच सवयी याच स्टेजवर तयार झाल्यात. गिन्योल हे फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या बाहुलीनाट्यातलं प्रसिद्ध पात्र, ग्राँ म्हणजे मोठा, थोडक्यात नावाचा अर्थ मोठ्या माणसांसाठीचा बाहुल्यांचा खेळ, पण स्टेजवर बाहुल्या नाहीत, नट असायचे. जागा म्हणजे एक जुनं चॅपल, खुर्च्या तीनशेच्या आत, वर लाकडी देवदूत होते तसेच ठेवलेले आणि स्टेज प्रेक्षकांच्या अगदी अंगावर. त्या इमारतीत आता कर्णबधिर कलाकारांचं, साइन लँग्वेजमधलं थिएटर चालतं.

सुरू केलं ओस्कार मेतेन्येनं. तो आधी पोलीस खात्यात नोकरीला होता, त्यामुळे चोर, वेश्या, फूटपाथवरची माणसं त्यानं जवळून बघितलेली आणि त्याला तेच जगणं स्टेजवर आणायचं होतं. भीतीचा धंदा खरा सुरू केला तो १८९८ ला थिएटर चालवायला आलेल्या माक्स मोरेनं. प्रयोग चांगला झाला की नाही हे तो किती जणांना चक्कर आली यावरून ठरवायचा म्हणतात, थिएटरात डॉक्टरही ठेवलेला, जो अर्थातच जाहिरातीचाही भाग होता.

पण रक्त आणि चक्कर एवढंच लक्षात ठेवलं तर या थिएटरवर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं. इथली मुख्य गोष्ट म्हणजे इथे भूत जवळजवळ नसायचंच. आंद्रे द लोर्द हा इथला सगळ्यात महत्त्वाचा लेखक, शंभराहून जास्त नाटकं लिहिली, पोटापाण्याची नोकरी लायब्ररीत, आणि काही नाटकं त्यानं आल्फ्रेद बिने बरोबर लिहिली. डीएड-बीएडला बुद्धिमत्ता चाचणी शिकताना ज्याचं नाव पाठ करतात तोच हा बिने! मानसशास्त्रज्ञ सोबत असल्यावर नाटकात काय येणार, तर वेड्यांचं इस्पितळ, झपाटलेली नाही पण डोक्यातून एक विचार जात नाही अशी माणसं, आणि ज्याच्या हातात आपण जीव देतो तो डॉक्टरच बिघडलेला. आज पडद्यावर खुनी शेजारी किंवा विकृत सर्जन दिसतो त्याच्या आधीच्या पिढ्या इथे सापडतात.

दुसरी गोष्ट एका रात्रीच्या प्रोग्रामची. एका बैठकीत चार-पाच-सहा एकांकिका व्हायच्या, एक भीतीची, की लगेच एक चावट फार्स, परत भीती. याला ते लोक गरम-गार पाण्याची अंघोळ म्हणायचे. हसून अंग सैल पडलं की पुढचा घाव दुप्पट लागतो, हे त्यांना अनुभवानं कळलेलं.

ट्रिक्स साध्या पण मेहनतीच्या. रक्त कार्माइन रंग आणि ग्लिसरीन मिसळून करायचे, पातं मुठीत सरकणारे सुरे असायचे, आणि सगळा खेळ प्रकाश आणि टायमिंगवर, कारण प्रेक्षक इतका जवळ की हात जरा चुकला तरी लोक हसणार. पॉला माक्सा ही इथली स्टार नटी, स्टेजवर दहा हजारांवर वेळा तिचा खून झाला असं सांगतात. आकडा जाहिरातीचा धरला तरी वर्षानुवर्षं रोज तसं किंचाळून मरायचं, आणि रोज खरं वाटलं पाहिजे, ही मोठीच नटी म्हणायची. पडद्यावरच्या किंचाळणाऱ्या नायिकांबद्दल लिहिताना तिचं नाव पहिलं यायला हवं.

सिनेमाकडे हे फार लवकर गेलं. द लोर्दचं टेलिफोनवरचं एक नाटक आहे, नवरा लांब गावी, घरी बायकोमुलांवर हल्ला होतोय आणि त्याला ते सगळं फोनवर नुसतं ऐकावं लागतं. त्यावरून अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथनं १९०९ ला द लोनली व्हिला हा सिनेमा केला, त्यात नवरा वेळेत पोचतो, पण घर, फोन, रस्ता असं आलटून पालटून दाखवायची पद्धत अशा गोष्टींमधूनच पक्की होत गेली. दिग्दर्शक मॉरिस तूर्नरनं १९१३-१४ च्या सुमारास द लोर्दची नाटकं सरळ पडद्यावर आणली. १९३५ च्या मॅड लव्ह या सिनेमाची सुरुवातच पॅरिसच्या एका भीतीनाट्याच्या थिएटरात होते आणि बॉक्समध्ये बसून बघणारं पात्र, म्हणजे नट पीटर लोर, हा सर्जन!

माझ्या मते खरा वारस फ्रेंच दिग्दर्शक फ्रांजूचा १९६० चा सिनेमा लेझ्यू साँ विझाज, म्हणजे चेहरा नसलेले डोळे. बाप सर्जन, मुलीचा चेहरा अपघातात गेलेला, म्हणून तो दुसऱ्या मुलींचे चेहरे काढतो. ऑपरेशनचा सीन शांत, थंड, एकदम दवाखान्यातला, आणि एडिंबरा फेस्टिव्हलला लोक चक्कर येऊन पडल्याच्या बातम्या आल्या, म्हणजे मोरेचं माप परत लागू.

थिएटर बंद पडलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत हर्शेल गॉर्डन लुईसचा ब्लड फीस्ट आला, लालभडक रक्त सरळ रंगीत पडद्यावर. त्यानंच १९७० ला द विझार्ड ऑफ गोर केला, त्यात जादूगार प्रेक्षकांतल्या बायका स्टेजवर बोलावून कापतो. इथे रक्त आलं, पण द लोर्दची ती डोक्यात शिरणारी भीती आली नाही. गरम-गार अंघोळ मात्र १९८७ च्या एव्हिल डेड २ मध्ये पूर्ण उतरली, हिरोचा स्वतःचाच हात त्याला बदडतो, आपण हसतो, आणि तो हात तो करवतीनं कापतो तेव्हा ते हसू तोंडावरच अडकतं.