आमवात असेल तर खांदाही तपासून घ्या

फोंड्यातल्या आमच्या फिजिओथेरपी केंद्रात आमवाताचे, म्हणजे रुमेटॉइड आर्थरायटिसचे रुग्ण येतात ते बोटे आणि मनगटे दाखवायला. खांद्याचे विचारले तर म्हणतात, "थोडा धरतो, चालायचेच." मग चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायच्या वेळी हात वर जात नाही, तेव्हा धावपळ होते. तोवर खांदा बराच आखडलेला असतो. आम्हाला याचेच वाईट वाटते.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बोटाची सूज डोळ्यांना दिसते. खांद्याचा सांधा मात्र जाड स्नायूंखाली असतो. आत कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, झिजत असला तरी बाहेरून कळत नाही.

आजार जुना असेल, औषधे मध्येच सुटत असतील, रक्ततपासणीत सूज दाखवणारा सीआरपी किंवा ईएसआर सतत वाढलेला असेल, तर खांद्याला धोका जास्त. आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी या आमवाताच्या रक्ततपासण्या पॉझिटिव्ह असलेल्यांनीही जपावे. साठीनंतर आजार सुरू झाला तर कधी कधी खांद्यापासूनच सुरुवात होते आणि घरचे म्हणतात, वय झाले. मधुमेह असेल तर फ्रोझन शोल्डरची, म्हणजे खांदा पार आखडून जाण्याची, भीती वेगळीच. विडी-सिगारेटने मूळ आजारच बळावतो.

स्टेरॉइडबद्दल नीट समजून घ्या. या गोळ्यांनी लवकर आराम पडतो, म्हणून काही जण जुनी चिठ्ठी दाखवून परस्पर घेत राहतात. वर्षानुवर्षे घेतल्यास हाडे आणि कंडरा कमकुवत होतात, क्वचित खांद्यातल्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठाही तुटतो. पण एकदम बंद करणे त्याहून घातक. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच.

गुडघे दुखणारी माणसे हातांवर भार देऊन उठतात. तो भार खांद्यावरच येतो. उंच दोरीवर ओले कपडे वाळत घालणे, विहिरीचे पाणी ओढणे ही कामे सूज असताना दुसऱ्याला सांगा.

दुखऱ्या खांद्याच्या कुशीवर झोपता येत नाही, केस विंचरताना हात अडतो, एवढे झाले तरी या. हाताला मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांकडून मान तपासून घ्या, कारण आमवात मानेतही उतरतो. मान कोणाकडूनही मोडून घेऊ नका. खांदा अचानक सुजून ताप आला तर आमच्याकडे न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पहिल्या भेटीला रक्ताचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे आणा, सैल बाह्यांचे कपडे घाला. दुखरा हात आम्ही जोराने ओढणार नाही.