बरं वाटणं आणि बरं होणं: क्रोन्स-कोलायटिसमधला नेहमीचा घोळ

माझ्या आतेभावाला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला सूज येऊन जखमा होत राहणारा जुनाट आजार, सात वर्षं झाली. मागच्या दिवाळीत गडी फराळाला बसलाय, चिवडा परत मागून घेतोय, वजन वाढलंय, संडासला दिवसातून एकदाच, आणि आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय की हा आता ठणठणीत झाला. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी नेहमीची म्हणून शीची टेस्ट करायला लावली, त्यात कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातली सूज सांगणारं प्रथिन) आलं ९०० च्या वर, मग कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून तपासणी, आणि लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथे जखमा होत्या तशाच. आत्या वैतागली, "अरे पण तुला काही होत नाहीये ना? मग हे लोक उगाच कशाला उकरून काढतात?"

प्रश्न अजिबात वेडा नाहीये. आपण मराठीत "बरं वाटतंय" आणि "बरं झालंय" हे एकाच अर्थाने बोलून जातो, सर्दी-तापात ते चालतंही, पण आयबीडीत म्हणजे आतड्याच्या सुजेच्या जुनाट आजारांत, क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (यात मोठ्या आतड्यात व्रण होतात), या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळ्या पद्धतीने मोजतात, आणि रिपोर्टवर दोन्हीला "रेमिशन" असाच शब्द असतो म्हणून घोळ अजून वाढतो. एक क्लिनिकल रेमिशन, म्हणजे पेशंटची लक्षणं थांबली. दुसरं एंडोस्कोपिक रेमिशन, म्हणजे दुर्बिणीतून बघितलं तर आतड्याच्या अस्तरावरचे व्रण भरलेले दिसतात.

आधी पहिल्याचं बघू कारण सुरुवात तिथूनच झाली. १९७६ साली अमेरिकेत क्रोन्सच्या एका मोठ्या सरकारी अभ्यासासाठी सीडीएआय नावाचा स्कोअर बनवला, ११२ पेशंटच्या माहितीवरून. त्यात आठ गोष्टी: आठवडाभरात पातळ जुलाब किती, पोटात किती दुखलं, एकंदर कसं वाटतंय, जुलाब थांबवायच्या गोळ्या घ्याव्या लागल्या का, सांधे-डोळे-फिस्टुला (आतड्यातून आरपार पडलेली वाट) असलं काही, पोटात गाठ लागते का, हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशी किती) आणि वजन. बेरीज १५० च्या खाली आली की रेमिशन, ४५० च्या वर गेली की फार गंभीर. पेशंटने सात दिवस डायरी लिहायची. आता ही यादी परत वाचा, आतडं आतून कसं दिसतंय हे यात कुठेच नाहीये. आणि पुढची कित्येक वर्षं क्रोन्सची औषधं याच आकड्यावर पास-नापास होत राहिली. आयबीएसवाल्यांना, म्हणजे ज्यांचं पोट सतत बिघडतं पण आतड्यात जखमच नसते त्यांना, हाच फॉर्म भरायला दिला तर त्यांचाही स्कोअर क्रोन्ससारखाच चढा येतो, यावरून काय ते समजा.

मग १९९० मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या एका गटाने जे केलं ते मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात भारी वाटतं. त्यांनी क्रोन्स उसळलेल्या १४२ पेशंटना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं, रोज वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे चांगलाच तगडा डोस. सात आठवड्यांच्या आत ९२ टक्के लोकांची लक्षणं गेली. कुठल्याही ओपीडीत पेढे वाटावेत असा निकाल. पण त्यांनी परत दुर्बीण घालून बघितलं, तर लक्षणं गेलेल्यांपैकी फक्त २९ टक्के लोकांचं आतडं आतून भरलेलं होतं. बाकीचे खातपीत होते, कामावर जात होते, आणि आत व्रण तसेच. स्टेरॉइडवर "आता मस्त वाटतंय" म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा सांगावासा वाटतो, अर्थात सांगितला तर लोक चिडतात हेही खरं.

पुढे २०१० मध्ये सॉनिक ट्रायल आली, ५०८ पेशंट, अझाथायोप्रिन आणि इन्फ्लिक्सिमॅब ही क्रोन्सची दोन औषधं, पहिलं एकटं, दुसरं एकटं आणि दोन्ही मिळून अशी तुलना. २६ व्या आठवड्याला स्टेरॉइडशिवाय रेमिशनमध्ये होते अनुक्रमे ३०, ४४.४ आणि ५६.८ टक्के, म्हणजे जोडी जिंकली. ते महत्त्वाचंच आहे पण आपल्या मुद्द्याला कामाचं वेगळंच आहे. त्याच ट्रायलचा डेटा नंतर काही संशोधकांनी पुन्हा उकलून बघितला, तर लक्षणं गेलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांत दुर्बिणीत नाहीतर सीआरपीत (सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) आजार अजून चालू असल्याचा पुरावा होता. आणि उलटंही सापडलं, हे लोक विसरतात, की काही जणांचं आतडं भरलेलं, सीआरपी नॉर्मल, तरी पोट दुखतंय आणि जुलाब चालूच.

हे असं दोन्ही बाजूंनी का होतं ते सांगतो कारण यात पेशंटची फार फरफट होते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातली जखम कधीकधी काहीच दुखत नाही, तिथे आतडं आकसून अरुंद व्हायला लागलं, अन्न अडकायला लागलं की मग कळतं, तोवर उशीर. दुसऱ्या बाजूला तो भाग ऑपरेशनने काढलेला असेल तर पित्ताचे क्षार शोषले जात नाहीत आणि त्यानेच जुलाब होतात, सूज नसतानाही. वर काही जणांना क्रोन्ससोबत आयबीएससारखा त्रास असतो. अशा माणसाला नुसत्या लक्षणांवरून स्टेरॉइड वाढवून दिलं तर हाडं ठिसूळ, साखर वर, तोंड सुजलेलं, आणि पोट आहे तिथेच. आणि आत खरंच काही नसेल तर "तुझ्या मनाचे खेळ आहेत" हे ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच. दुखणं खरं असतं, फक्त त्याचं कारण ती जखम नसते.

बरं मग दर वेळी दुर्बीण घालायची का? कोण तयार होईल? आदल्या रात्री ते पोट साफ करायचं खारट पाणी लिटरभर पिऊन बघितलेलं असेल तर मी काय म्हणतोय ते कळेल. म्हणून मधला मार्ग म्हणजे कॅलप्रोटेक्टिन. आतड्याला सूज आली की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात आणि त्यांच्या पोटातलं हे प्रथिन शीमध्ये उतरतं, म्हणून डबीभर शीवरून आतली आग किती ते कळतं. ५० च्या खाली असेल तर सहसा निश्चिंत, २५० च्या वर असेल तर संशय घ्यायलाच हवा, मधला पट्टा म्हणजे थोड्या दिवसांनी परत करा. रक्तातलं सीआरपी यकृतात बनतं, ते एकंदर शरीराचं सांगतं, काही जणांमध्ये जळजळ असूनही ते वाढतच नाही, कोलायटिसमध्ये तर बऱ्याचदा. आणि एक, गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेत असाल तर कॅलप्रोटेक्टिन त्यानेही चढतं, टेस्टच्या आधी डॉक्टरांना सांगा बाबांनो. हल्ली आतड्याच्या भिंतीची सोनोग्राफीही करतात, जाडी ३ मिलिमीटरच्या वर गेली की सूज धरतात, पोट साफ करायची भानगड नाही, पण बघणारा तयारीचा लागतो.

आता आत्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर, "काही होत नाहीये मग कशाला". हे तपासायला "काम" (CALM) नावाची ट्रायल झाली, २०१७ मध्ये निकाल आला, नुकताच क्रोन्स झालेले २४४ पेशंट. एका गटात औषध वाढवायचं की नाही ते लक्षणांवर ठरवायचं. दुसऱ्या गटात लक्षणं तर बघायचीच पण कॅलप्रोटेक्टिन २५० किंवा वर, नाहीतर सीआरपी ५ किंवा वर असेल तर माणूस कितीही हसतखेळत असो, अडॅलिमुमॅबचं इंजेक्शन चालू करायचं, मग दर आठवड्याला, मग सोबत अझाथायोप्रिन, अशी एकेक पायरी चढायची. औषधं दोन्हीकडे तीच होती बरं का, फक्त कशावरून वाढवायचं ते वेगळं. ४८ आठवड्यांनी आतडं भरलेले पहिल्या गटात ३० टक्के, दुसऱ्यात ४६. म्हणजे नवीन औषध न शोधता नुसतं योग्य ठिकाणी बघितल्याने एवढा फरक.

पण लगेच हुरळून जायला नको. स्टारडस्ट नावाच्या ट्रायलमध्ये युस्टेकिनुमॅब हे क्रोन्सचं दुसरं औषध देऊन असाच घट्ट पाठलाग करून बघितला, ४८ व्या आठवड्याला एंडोस्कोपीत सुधारणा ३८ टक्के विरुद्ध नेहमीच्या पद्धतीने ३० टक्के, आणि हा फरक आकडेशास्त्राच्या कसोटीत बसला नाही. कुठलं औषध, ते वाढवायला जागा किती, आजार किती जुना यावर बरंच अवलंबून असणार असं माझं मत. आतडं भरलेलं असणं चांगलं यावर आता फारसा वाद नाही, नॉर्वेतल्या पेशंटना वर्षानुवर्षं फॉलो केलं तेव्हा पहिल्या वर्षात अस्तर भरलेल्या कोलायटिसवाल्यांना पुढे मोठं आतडं काढायची वेळ कमी आली होती. वाद आहे तो किती धावायचं याचा.

२०२१ च्या स्ट्राइड-२ या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी या दोघांना भांडायला न लावता ओळीने उभं केलंय, ते मला पटतं. आधी लक्षणं कमी होऊ देत, मग सीआरपी नॉर्मल आणि कॅलप्रोटेक्टिन १०० ते २५० च्या आसपास खाली, आणि लांबचं ध्येय म्हणजे आतडं भरणं आणि माणसाचं आयुष्य सुरळीत होणं, दोन्ही. म्हणजे बरं वाटणं यादीतून काढलेलं नाहीये, फक्त तेवढ्यावर थांबायचं नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसचा मेयो स्कोअर (१९८७) तर पहिल्यापासूनच मिसळ आहे, संडासच्या फेऱ्या, रक्त, दुर्बिणीतलं चित्र आणि डॉक्टरांचं मत, प्रत्येकी ० ते ३. कोलायटिसमध्ये रक्त थांबलं की बऱ्याचदा आतही सुधारलेलं असतं, क्रोन्सइतकी दगाबाजी नसते, म्हणून तिथे जास्त रेंगाळत नाही.

हे माहीत असलं की बातम्या वाचतानाही फसायला होत नाही. २०२४ च्या सीक्वेन्स ट्रायलमध्ये रिसँकिझुमॅब हे औषध युस्टेकिनुमॅबच्या पुढे गेलं. २४ व्या आठवड्याला क्लिनिकल रेमिशन ५८.६ विरुद्ध ३९.५ टक्के, आणि ४८ व्या आठवड्याला एंडोस्कोपिक रेमिशन ३१.८ विरुद्ध १६.२. हेडलाइनमध्ये "निम्म्याहून जास्त बरे" दिसलं तर ते बरं वाटणाऱ्यांबद्दल आहे, बरं झालेल्यांचा आकडा दुसराच.

आपल्याकडे हा फरक अजून एका जागी अंगाशी येतो, टीबी. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीत आणि बायोप्सीतही एकमेकांसारखे दिसतात, म्हणून पक्कं कळत नसेल तर आधी टीबीचा कोर्स, एकेटी, चालू करून बघतात. आतेभावालाही दिला होता. दोन महिन्यांत ताप गेला, भूक लागायला लागली, घरात सगळ्यांनी हुश्श केलं की चला टीबीच होता. पण दिल्लीच्या एम्समधल्या अभ्यासात दिसलंय की एकेटीवर बऱ्याच क्रोन्सवाल्यांनाही बरं वाटतं, व्रण मात्र भरतात ते जवळजवळ फक्त टीबीवाल्यांचेच. म्हणून मधेच परत कोलोनोस्कोपी करायची असते. त्याची झाली नाही, बरं वाटतंय ना मग कशाला, म्हणून आम्हीच टाळली, आणि सहा महिने चुकीच्या आजाराच्या गोळ्या खाण्यात गेले. तेव्हा आम्हाला कोणी हे समजावून सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

या वेळी त्याचं इंजेक्शन पंधरा दिवसांवरून आठवड्यावर आणलंय, मार्चमध्ये परत डबी द्यायची आहे. आत्या अजून म्हणतेच की पोरगं चांगलं जेवतंय. जेवतोय तो, दोन पोळ्या जास्तच.