दहा ओळींची स्क्रिप्ट आणि तिच्यामागून आलेला उपदेश

लिनक्सवर लपलेल्या फायलींसकट होम फोल्डरची यादी काढली, की टिंबानं सुरू होणारी नावं भराभर समोर येतात. त्यांतली 'बॅशआरसी' (कमांड्स चालवणारा 'बॅश' हा प्रोग्रॅम सुरू होताना वाचतो ती फाइल) डेव्हलपर मंडळींनी शंभरदा उघडलेली असते. नावातलं 'आरसी' कुठून आलं, असं विचारलं तर मात्र काहीबाही ठोकून दिलं जातं. ते आलंय 'रनकॉम'वरून. लुई पूझँ हा फ्रेंच प्रोग्रॅमर १९६३-६४च्या सुमारास एमआयटीत सीटीएसएस नावाच्या टाइमशेअरिंग सिस्टिमवर, म्हणजे एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरू देणाऱ्या सिस्टिमवर, काम करत होता. डझनावारी कमांड्स लिहून झाल्यावर त्याला वाटलं, याच कमांड्स एकमेकींना जोडून पुढच्या कमांड्स का बनवू नयेत? मग त्यानं रनकॉम लिहिला. कमांड्स फायलीत एकाखाली एक लिहायच्या आणि ती फाइल चालवायला द्यायची, एवढंच. आपण टाइप केलेल्या कमांड्स चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठीचा 'शेल' हा शब्दही त्याचाच. आपण जिला स्क्रिप्ट म्हणतो, तिचं घराणं इथून सुरू होतं.

टिंबाची गोष्ट वेगळी, आणि जरा लाजिरवाणी. लिनक्स ज्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सच्या प्रत्येक फोल्डरमध्ये एक टिंब आणि दोन टिंबं अशा दोन नोंदी असतात, चालू फोल्डरची आणि त्याच्या वरच्याची. यादीत त्या दिसू नयेत म्हणून यादी काढणाऱ्या 'एलएस' कमांडच्या सुरुवातीच्या कोडमध्ये नावाचं पहिलं अक्षर टिंब आहे का, एवढंच तपासलं गेलं. पूर्ण नाव ताडून पाहायचे कष्ट वाचले. टिंबानं सुरू होणारी कुठलीही फाइल लपते ती या आडवाटेमुळं, असं युनिक्सच्या मंडळींतल्या रॉब पाइकनं पुढं लिहून ठेवलंय. तेव्हा वाचलेल्या त्या एका तपासणीची किंमत आजही आपलं होम फोल्डर भरतंय.

युनिक्स पुढं जिथं घडलं त्या बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉयनं १९६४ साली एका टिपणात लिहिलं होतं, की बागेतल्या पाण्याच्या नळीला गरज पडेल तसा पुढचा तुकडा जोडतात, तसे प्रोग्रॅम जोडता यायला हवेत. पुढं कित्येक वर्षं त्यानं हे टुमणं लावून धरलं. अखेर १९७३ साली युनिक्सचा एक जनक केन टॉम्प्सननं एका रात्रीत युनिक्समध्ये पाइप बसवला: एका प्रोग्रॅममधून बाहेर पडलेलं थेट पुढच्यात जातं. 'प्रत्येक प्रोग्रॅमनं एकच काम नीट करावं' हे मॅकिलरॉय आणि त्याच्या सहकाऱ्यांनी छापलं १९७८ साली. आधी हत्यार, मग सल्ला, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

या परंपरेतला सगळ्यात रंगलेला सामना १९८६चा. जॉन बेंटली प्रोग्रॅमिंगवरच्या आपल्या सदरासाठी नामवंत संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथला एक गणित घालतो: मजकुरात सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द मोजून उतरत्या क्रमानं छापा. नूथ स्वतःच्या 'लिटरेट प्रोग्रॅमिंग' पद्धतीनं, म्हणजे माणसानं वाचायच्या लेखातच कोड गुंफत, पानंच्या पानं भरून, खास डेटा स्ट्रक्चर रचून, देखणा प्रोग्रॅम लिहितो. परीक्षण करायला बसलेला मॅकिलरॉय त्याचं कौतुक करतो आणि सहा कमांड्सचा पाइप पुढं ठेवतो. पहिली कमांड अक्षरं नसलेल्या प्रत्येक जागी ओळ तोडते, म्हणजे एका ओळीवर एकच शब्द उरतो. दुसरी मोठी अक्षरं लहान करते. मग ओळी क्रमानं लावणारा सॉर्ट, मग मोजणारा 'युनिक', मग आकड्यांवर उलटा सॉर्ट, आणि शेवटी हवे तेवढे शब्द छापून थांबणारा 'सेड'. सगळी गंमत मधल्या सॉर्टमध्ये आहे: 'युनिक' फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र मोजतो, म्हणून आधी सारखे शब्द शेजारी आणून बसवावे लागतात. नूथवर यात थोडा अन्याय होतो, हेही खरं. त्याला मुळात आपली लेखनपद्धत दाखवायला सांगितलं होतं, आणि मॅकिलरॉयच्या हाती तयार हत्यारांची पेटी होती.

लॅरी वॉलनं १९८७ साली पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणली, तीही असल्याच फुटकळ कामांसाठी: लॉग, म्हणजे सिस्टिमनं ठेवलेल्या नोंदी, चाळायचे, अहवाल काढायचे. पर्लवरच्या १९९१च्या पुस्तकात प्रोग्रॅमरचे तीन सद्गुण आले: आळस, उतावळेपणा आणि अहंकार. यातला आळस म्हणजे हातावर हात धरून बसणं नव्हे. एकूण श्रम वाचावेत म्हणून आधी भरपूर श्रम करायला लावणारा तो आळस. इथवर सल्ला आणि स्क्रिप्ट एकाच घरात नांदत होते.

पुढं सल्ल्यानं वेगळी चूल मांडली. १९९९ साली अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी आपल्या पुस्तकात दरवर्षी प्रोग्रॅमिंगची एक नवी भाषा शिकायला सांगितलं. कराटेतला 'काता' हा शब्द उचलून तोच छोटा प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवायचा रियाज थॉमसनंच रूढ केला. एकवीस दिवसांत भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांना वैतागून संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉरविगनं प्रोग्रॅमिंग शिकायला दहा वर्षं लागतात असा हिशेब मांडला. यांत खोटं काही नाही. पण पहाटे उठा, नोट्स काढा, पाठांतर करा असा मजकूर वाढत गेला, तसं त्यातून चालवून बघता येईल असं कमी होत गेलं.

त्यामानानं २०१३ सालचा 'एक्सकेसीडी' या वेबकॉमिकमधला तक्ता मला अधिक कामाचा वाटतो. एखादं काम स्वयंचलित करण्यात किती वेळ घालवणं परवडेल, हे त्यात पाच वर्षांचा काळ धरून काढलंय. रोज पाच वेळा एकेक मिनिट वाचत असेल, तर पाच वर्षांत साधारण सहा दिवस वाचतात. त्याहून जास्त वेळ स्क्रिप्टवर गेला, तर तोटा. चुकीला लागणारा वेळ मात्र या तक्त्यात नाही.

तो वेळ मी मोजलाय. जुने बॅकअप उडवणारी माझी एक दहा ओळींची स्क्रिप्ट होती. एके दिवशी फोल्डरचं नाव ज्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचं, त्याला ते नेमून द्यायचंच राहिलं आणि जे उडायचं नव्हतं तेही उडालं. त्या काळात मी उत्तम प्रोग्रॅमर होण्याबद्दलचं पुष्कळ वाचत होतो. उपाय निघाला शेलच्या मॅन्युअलमध्ये: 'सेट -यू', म्हणजे नेमून न दिलेला व्हेरिएबल दिसला की तिथंच थांब. १९७९च्या बॉर्न शेलमध्येही हा पर्याय होता. आता माझ्या प्रत्येक स्क्रिप्टची दुसरी ओळ तीच असते.