कोकणातल्या घरी लिनक्सला टेप ड्राइव्ह लावायचा तर

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं ते आठवतं ना, अशा वेळी कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर असली तर दोन्ही एकदमच जातात. टेप, म्हणजे डेटा साठवणारी चुंबकीय पट्टी, मला आवडते ती यासाठीच, तिची डबी (कार्ट्रिज) ड्राइव्हमधून बाहेर काढली की विजेशी नि नेटशी तिचा संबंध संपला, पिशवीत घालून वरच्या आळीत आत्याकडे नेऊन ठेवता येते.

टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या नव्या ड्राइव्हची किंमत लाखांत जाते, घरासाठी एलटीओ या टेपच्या प्रकारातला जुना, पाचव्या किंवा सहाव्या पिढीचा, म्हणजे एलटीओ-५ किंवा ६ बघा. ५ च्या कार्ट्रिजवर १.५ टीबी, ६ वर २.५ टीबी मावतं. खोक्यावरचे ३ नि ६.२५ हे आकडे कॉम्प्रेस होणाऱ्या डेटाचे, आपले फोटो-व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस झालेले असतात, तेव्हा लहान आकडाच धरा. जोडणी सॅसची (सर्व्हरमध्ये वापरतात ती) घ्या, त्याला वेगळं कार्ड लागतं, घरच्या डिस्क लागतात त्या साध्या साटा पोर्टवर चालत नाही, आणि फायबर चॅनल ही मोठ्या डेटा सेंटरमधली जोडणी असलेला स्वस्तात मिळाला तरी नको.

लिनक्सची टार कमांड म्हणजे मुळात टेप आर्काइव्हच. फक्त एक लक्षात ठेवा, लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात, एसटी-झिरो (/dev/st0) आणि एनएसटी-झिरो (/dev/nst0). एसटी-झिरोवर लिहिलं की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते आणि पुढचा बॅकअप आधीच्यावरच बसतो, एनएसटी-झिरो मात्र आहे तिथेच थांबतो. दुसरं म्हणजे वेग. एलटीओ-५ सेकंदाला १४० एमबीपर्यंत लिहितो, डेटा कमी आला तर वेग काही प्रमाणात उतरवतो, पण हजारो बारीक फाइली वाचणारी जुनी डिस्क तेवढंही देत नाही, मग ड्राइव्ह थांबतो, टेप मागे घेतो, परत पळवतो, परत थांबतो, आणि टेप नि हेड दोन्ही झिजतात. मधे एमबफर (mbuffer, डेटा मेमरीत साठवून पुढे सोडणारा प्रोग्रॅम) लावा, तीनचार जीबी मेमरीत साठू दे, मग सोडा.

पण कोकणात सगळ्यात जास्त जपायचं ते ओलीपासून. अर्ध्या इंचाच्या टेपवर एलटीओ-५ चे १२८० ट्रॅक असतात, दमट हवेने टेप किंचित जरी रुंदावली तरी ट्रॅक जागचे सरकतात, शिवाय चुंबकीय कण धरून ठेवणारा थर ओल शोषून वर्षांनी चिकट होतो. बरीच वर्षं ठेवायची तर आर्द्रता २० ते ५० टक्के हवी आणि आपल्याकडे जुलैत ती ८० च्या वर! म्हणून आगोटीआधी, पापड भरतो तशाच घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. फ्रिजमध्ये अजिबात नको, बाहेर काढली की दव धरतं. दसऱ्याच्या सुमारास एक टेप काढा, दिवसभर ड्राइव्हच्या खोलीतच राहू द्या आणि एखादा फोल्डर परत उतरवून उघडून बघा.