चष्मा पडून नाही, पुसून जातो

चष्मा लागून तिसराच दिवस. भाच्यानं ओट्यावरून उडी मारली आणि चष्मा त्याच्या आधी खाली पोचला. माझी आई आतूनच ओरडली, "फोडला का रे पोट्ट्या?" फुटला नव्हता. तिनं तो मातीतून उचलला, भिंगांवर तोंडाची वाफ सोडली, पदरानं कराकरा पुसला आणि त्याच्या नाकावर बसवून म्हणाली, "आता जपजो."

दोन महिन्यांनी मी गावी गेलो तेव्हा ती भिंगं उजेडात धरून पाहिली. मधोमध बारीक गोल रेघांचं जाळं झालं होतं. घरात सगळ्यांचं एकमत होतं, पोरगं धांदरट. मला मात्र त्या रेघांच्या गोलाईत पदर दिसत होता. पडून आलेला ओरखडा एखादा असतो, वाकडातिकडा आणि बहुधा कडेला. बोट गोल फिरवून पुसल्याची खूण मधोमध उमटते.

पडण्याचा हिशेब करून बघू. आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपासून जमीन साधारण सव्वा मीटर. तिथून सुटलेला चष्मा टेकताना ताशी 17-18 किलोमीटर वेगात असतो, पण त्याचं वजन वीसेक ग्रॅमच. प्लॅस्टिकच्या भिंगाला एवढा दणका सहज सोसतो. अमेरिकेत 1972 पासून भिंगांसाठी एक चाचणी ठरलेली आहे: साधारण 16 ग्रॅमची पोलादी गोळी 127 सेंटिमीटरवरून भिंगावर सोडायची, भिंग फुटता कामा नये. आपल्याकडे अनेक चष्म्यांत असतं ते सीआर-39 नावाचं प्लॅस्टिक दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांच्या इंधनटाक्यांसाठी वापरात आलं. नावातला 39 हा प्रयोगशाळेतल्या कृतीचा क्रमांक. मुलांसाठी पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक आणखी चांगलं. विटीदांडूतली विटी किंवा शेतात वाकताना डोळ्याकडे आलेली कपाशीची पऱ्हाटी अडवण्याची ताकद त्यात असते. काचेचं भिंग मात्र लहान मुलाला देऊच नये, फुटलं की तुकडे डोळ्यापाशीच असतात.

न फुटणाऱ्या या प्लॅस्टिकची खोड अशी की ते मऊ असतं. 1812 साली फ्रेडरिक मोस या जर्मन खनिजतज्ज्ञानं एक साधी पट्टी मांडली: कोण कोणाला ओरखडतं. शंखजिरं 1, हिरा 10. आपल्या काळ्या रानात नांगराला लागणारी गारगोटी 7, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास, आणि प्लॅस्टिक त्याच्याही बरंच खाली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या खडकात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका साचून ही गारगोटी झाली. तिचा आणि नदीच्या वाळूचा चुरा आपल्या धुळीत असतोच. म्हणजे सुकी धूळ बसलेलं भिंग पदरानं पुसणं हे पॉलिश पेपर फिरवण्यासारखंच. पदर कितीही मऊ असो, ओरखडा काढते ती पदराखालची धूळ. भिंगावर कठीण थर चढवलेला असतो, पण तोही गारगोटीपुढं फार टिकत नाही.

म्हणून आधी पाणी, मग कापड. नळाखाली धरून धूळ वाहू द्यायची, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब बोटांनी हलकेच फिरवायचा, पुन्हा धुवायचं. चुलीच्या धुराचा आणि चेहऱ्याच्या घामाचा चिकटा त्यानं निघतो. राख नको, कपड्याची पावडर नको, गरम पाणी नको. मग धुऊन-धुऊन नरम पडलेल्या जुन्या धोतराच्या तुकड्यानं टिपायचं. तो तुकडाही स्वच्छ डब्यात राहिला पाहिजे, खुंटीवर लटकला की तोच धुळीचा.

टिपायचं तेही लगेच, याला आमच्याकडे खास कारण आहे. आमचं गाव दर्यापूरकडं, पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या या भागात जमिनीखालचं पाणी खारट. भिंगावरचा थेंब आपोआप सुकू दिला तर पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात, थेंबाच्या कडेला पांढरी गोल रेघ करून. नंतर कोणीतरी ती नखानं खरवडतं. मे महिन्यात कूलरसमोरच्या खिडकीत ठेवलेल्या चष्म्यावर असे ठिपके रात्रीतून येतात. पिण्याचं कॅनचं पाणी घरी येत असेल तर शेवटचा अर्धा पेला चष्म्याला द्यावा. एवढी उधळपट्टी परवडते.

मे महिन्याचं निघालंच आहे तर ऊनही बघू. अकोल्यात पारा 45 च्या वर जाणं नवं नाही, आणि उन्हात उभ्या मोटारसायकलच्या टाकीला हात लावून बघा म्हणजे कळेल. भिंगावरचे चकाकी कमी करणारे थर काचेच्या जातीचे असतात. खालचं प्लॅस्टिक उन्हानं फुगतं, त्या मानानं वरचा थर जवळपास फुगतच नाही, मग भेगाळलेल्या रानासारखी सूक्ष्म चिरांची जाळी पडते. ती पुसून जात नाही. त्यामुळे चष्मा टाकीवर, टिनाच्या छपराखालच्या फळीवर किंवा बंद गाडीत ठेवू नये.

आता फ्रेम. आमच्या भाच्याला एका हातानं काडी ओढून चष्मा काढायची सवय होती. काडी 12 सेंटिमीटर लांब आणि बिजागरीची पकड जेमतेम 4 मिलिमीटर, म्हणजे टोकाला लावलेला जोर बिजागरीवर तीसेक पटीनं पडतो. पहारीनं दगड उलथवतात ती हीच युक्ती, इथं उलथतो तो बिचारा स्क्रू. दोन्ही हातांनी काढायला शिकवायला आठवडा लागला. बहिणीनं बिजागरीच्या स्क्रूवर बिनरंगी नेलपॉलिशचा थेंब टाकला. तो सुकला की स्क्रू फिरून बाहेर येत नाही. शंभर रुपयांच्या आतला असा दुसरा इलाज मला माहीत नाही.

फ्रेम ढिली झाली की मूल खरोखरच धांदरट होतं. भाच्याचा नंबर उणे 3. म्हणजे चष्म्याविना त्याला 33 सेंटिमीटरपलीकडचं स्पष्ट दिसतच नव्हतं. शाळेत तपासणीचं पथक आलं तेव्हा हे कळलं, तोवर ठेचकाळण्याबद्दल त्यानं किती बोलणी खाल्ली असतील! चष्म्यानं दिसायला लागलं, पण उणे नंबरचं भिंग वस्तू जरा लहान दाखवतं, आणि मधल्या बिंदूपासून नजर सरकली की वस्तूची जागाही हलवतं. सूत्र सोपं आहे: नंबर गुणिले सरकलेले सेंटिमीटर. उणे 3 च्या भिंगातून मधल्या बिंदूच्या एक सेंटिमीटर खालून पाहिलं तर मीटरभर अंतरावरची पायरी 3 सेंटिमीटर वर दिसते. पाय तिथं पडतो, पायरी खाली असते.

मेंदू हा फरक काही दिवसांत पचवतो, पण चष्मा रोज एकाच जागी बसला तरच. लहान मुलांच्या नाकाचा दांडा चपटा असतो, त्यात घाम, म्हणून चष्मा घसरतच राहतो आणि मेंदूला रोज नवा हिशेब करावा लागतो. भाचा पहिले आठ दिवस शाळेत घालायचा, घरी आला की खिशात, म्हणून तो पडत होता. कानामागची लवचिक पट्टी लावली आणि दुकानातून नोजपॅड नीट बसवून घेतले, तेव्हा तो दिवसभर घालू लागला. मग पडणंही कमी झालं, त्याचं आणि चष्म्याचं.

रात्रीसाठी टणक डबी आणि देवळीतली एकच जागा ठरवली. डबी नसेल तेव्हा भिंगं वर करून ठेवायचा. नंबराच्या कागदाचा फोटो बहिणीच्या मोबाइलमध्ये आहे, म्हणजे भिंग बदलायची वेळ आली तर कागदासाठी एसटीची फेरी नको.

गेल्या आठवड्यात फोन केला तर भाचाच बोलला. "मामा, माह्या चष्म्याले काही नाही झालं. आजीनं तिचा बाजीवर ठेवला अन् त्याच्यावरच बसली."