एचआयव्ही आणि मानसिक आजारावरचं संशोधन: सोलापुरातून एथिक्स कमिटीवर जायचं असेल तर

विडी घरकुलातल्या एका मावशींनी एकदा माझ्यापुढं एका संशोधनाचं संमतीपत्र धरलं आणि ‘यादृच्छिक पद्धतीने’ या शब्दावर बोट ठेवलं. “हे काय असतंय बाई?” कुणाला कुठलं औषध मिळणार ते चिठ्ठी टाकून ठरवल्यासारखं, असं मी सांगितलं. “मग चिठ्ठीच लिहायची की,” म्हणाल्या. तो कागद कमिटीत मंजूर झाला तेव्हा मीही तिथं बसले होते. शब्द मला कळत होता, म्हणून खटकलाच नाही.

असं खटकून घेण्यासाठीच कमिटीत डॉक्टर नसलेला माणूस लागतो. माणसांवरचं कुठलंही संशोधन सुरू होण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. या कमिटीत ‘लेपर्सन’, म्हणजे सामान्य नागरिक, असावाच लागतो. 2019 च्या औषध चाचणी नियमांनुसार कमिटीत किमान 7 सदस्य असतात, त्यांतले किमान निम्मे संस्थेबाहेरचे. बैठकीला 5 जण लागतात आणि त्या पाचांत लेपर्सन धरलेला आहे. तो नसेल तर औषधाच्या ट्रायलवर निर्णय होत नाही.

कोणाला जाता येतं? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे लिहिता-वाचता येणारी, मागच्या 5 वर्षांत वैद्यकीय किंवा आरोग्याच्या क्षेत्रात काम न केलेली कुणीही व्यक्ती. म्हणजे नर्स, फार्मासिस्ट नाही चालणार. यंत्रमाग कामगार, शिक्षिका, दुकानदार चालतील. पदवीची अट नाही. इथली भाषा आणि रीतभात ठाऊक हवी. आपल्याकडं हे महत्त्वाचं, कारण शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड. संमतीपत्र नुसतं मराठीत चांगलं असून भागत नाही. तुम्हाला यांतली एखादी भाषा येत असेल तर अर्जात ते ठळक लिहा.

स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्यांनाही अर्ज करता येतो. शिवाय अशा विषयावरच्या बैठकीला रुग्णगटाचा प्रतिनिधी खास बोलावण्याची मुभा कमिटीला असते. पण अर्जात स्वतःचं निदान लिहायची सक्ती नाही. एचआयव्ही-एड्स कायदा, 2017 नुसार न्यायालयाचा आदेश नसेल तर कुणालाही स्वतःची एचआयव्ही स्थिती सांगायला भाग पाडता येत नाही. एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्राच्या, पुस्तकाची झेरॉक्स उत्साहानं जोडू नका. ती फाइल किती टेबलांवरून फिरेल, सांगता येत नाही.

नेमणूक संस्थेचा प्रमुख करतो. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी तो म्हणजे अधिष्ठाता (डीन). छापील फॉर्मची वाट बघत बसू नका, साधा अर्ज लिहा: अधिष्ठात्यांच्या नावे, एथिक्स कमिटीच्या सदस्य सचिवांमार्फत. सोबत सही आणि तारखेसह बायोडाटा, ओळख-पत्त्याचा पुरावा, आणि बचत गटात, मंडळात काही काम केलं असेल तर त्यांचं पत्र. निवड झाली की सदस्य होण्याची लेखी संमती, गोपनीयतेचा करार आणि हितसंबंधांचं घोषणापत्र द्यावं लागतं. पुतण्या त्याच संशोधनात नोकरीला असेल तर ते इथं सांगायचं आणि त्या प्रस्तावाच्या वेळी बाहेर थांबायचं. प्रशिक्षणही घ्यावं लागतं. मुदत साधारण 2 ते 3 वर्षं.

एचआयव्ही आणि मानसिक आजार एकाच संशोधनात आले की दोन कायदे एकदम लागू होतात, तेव्हा कागद दोनदा वाचा. एचआयव्हीबाधितावर संशोधन करायचं तर त्याची माहितीपूर्वक संमती हवीच. नव्या रसायनाच्या ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या व्यक्तीची संमती घेताना व्हिडिओ काढतात. एचआयव्हीच्या औषधाला मात्र फक्त आवाज रेकॉर्ड करायचा, चेहरा नाही. प्रस्तावात कॅमेरा दिसला तर विचारा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 99 सांगतं, की व्यक्ती संमती देण्याच्या स्थितीत नसेल, पण विरोधही करत नसेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यानंतरच नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे आपल्या वतीनं निर्णय घ्यायला नेमलेल्या माणसाच्या, संमतीचा प्रश्न येतो. नुसती ‘घरच्यांची सही’ पुरत नाही. हा प्रतिनिधी रुग्णाला बरं असताना साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून नेमता येतो. स्टॅम्प पेपर लागत नाही. दिलेली संमती संशोधन चालू असताना केव्हाही मागे घेता येते. हे वाक्य संमतीपत्रात मोठ्या अक्षरांत आहे ना, बघा.

अर्ज द्यायला जाताना दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. “ठेवून जा, बघतो” म्हणाले तर ठेवून येऊ नका.