पाटावरचं पाणी कुठे पळतं

गेल्या वर्षी श्रावणात वहिनीच्या माहेरची माणसं कोल्हापूरहून आमच्याकडे फोंड्याला आली, सात मोठी आणि दोन मुलं, आणि वहिनीच्या मनात होतं की रविवारच्या नाश्त्याला नेहमीसारखं एकेक ताट न वाढता मोठ्या पाटावर सगळं एकत्र मांडून ठेवायचं, ज्याला हल्ली सगळेच ग्रेझिंग बोर्ड म्हणतात. ज्याला जे हवं ते त्याने उचलावं, गप्पा मारत खावं. कल्पना मला फार आवडली. सकाळी साडेसातला पाट लावून तयार. पोई म्हणजे आमचा गोव्याचा पाव, काजू, खाजं, पेराद म्हणजे पेरूच्या वड्या, चिबूड, अननस, केळी, श्रीखंड, खोबऱ्याची चटणी, उकडलेली अंडी. पाहुणे आधी मंगेशीला दर्शनाला गेले आणि देवळात गर्दी असल्यामुळे परत आले ते साडेनऊला.

तोवर काजू मऊ पडले होते, खाजं हाताला चिकटत होतं, पोईची वरची बाजू चामड्यासारखी झालेली, केळ्याच्या चकत्या काळ्या, आणि अननसाला लागून ठेवलेलं श्रीखंड त्या बाजूने चक्क कडू लागत होतं. मला खूप वाईट वाटलं कारण एकेक वस्तू घेतली तर उत्तम होती, काजू तर ओळखीच्या भट्टीवरून आणलेले. मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे नंतर डोक्यात तेच फिरत राहिलं की दोन तासांत या पाटावर नक्की झालं काय. आणि हळूहळू लक्षात आलं की आपण पाट लावताना रंग बघतो, हिरव्याशेजारी पिवळं, त्याशेजारी लाल, पण पाटावरच्या वस्तू एकमेकींना रंगाने ओळखत नाहीत, पाण्याने ओळखतात.

म्हणजे काय, तर प्रत्येक पदार्थात पाणी असतं, पण किती आहे त्याच्यापेक्षा ते किती मोकळं आहे हे महत्त्वाचं. मधात सतरा-अठरा टक्के पाणी असतं तरी मध वर्षभर बाहेर राहतो, कारण ते पाणी साखरेने इतकं घट्ट धरून ठेवलेलं असतं की जंतूंना त्यातलं काही मिळत नाही. हे मोकळेपण मोजायला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी नावाचं माप आहे, शून्य ते एक, शुद्ध पाण्याचं एक. डब्ल्यू. जे. स्कॉट नावाच्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये दाखवलं की जंतूंची वाढ पदार्थातल्या एकूण पाण्यापेक्षा या मापावर अवलंबून असते, आणि तेव्हापासून अन्न टिकवण्याच्या सगळ्या विचारात हे माप आलं. कापलेलं फळ साधारण ०.९७ ते ०.९९, पाव ०.९५ च्या आसपास, जॅम ०.८ च्या जवळपास, मध ०.६, आणि चांगले भाजलेले काजू किंवा कुरकुरीत बिस्किट ०.३ च्या आजूबाजूला. आता नियम एवढाच की पाणी जास्त आकड्याकडून कमी आकड्याकडे जातं. उताराला लागल्यासारखं. दोन वस्तू चिकटून ठेवा की ते सरळ जाईल, लांब ठेवून वर झाकण घाला तर हवेतून जाईल, पण जाईल. आणि कुरकुरीत वस्तू साधारण ०.४ ते ०.५ ओलांडली की कुरकुर संपते, म्हणजे काजूला फार भिजावं लागतच नाही, जरासं पाणी आत शिरलं तरी पुरे.

गोव्यात पावसाळ्यात यात आणखी एक भर पडते, ती म्हणजे हवा. हवेची आर्द्रता ९० टक्के आहे असं आपण म्हणतो ना, ते त्याच मापात ०.९ झालं. म्हणजे श्रावणातली आमची हवा हीच पाटावरची एक ओली वस्तू आहे, आणि ती सगळ्यांना लागून बसलेली आहे, तिच्यापासून लांब कसं ठेवणार. म्हणून मी काजू चिबडापासून हातभर दूर ठेवले असते तरी दोन तासांत ते नरम पडलेच असते, फक्त जरा उशिरा. याच्या उलट मे महिन्यात हॉलमध्ये एसी लावून बसलात की हवा ५०-६० टक्क्यांवर येते, मग काजू पुष्कळ वेळ बरे राहतात पण पाव भराभर सुकतो, कारण आता पाणी पावाकडून हवेकडे पळतं. त्यामुळे वर्षभर एकच मांडणी चालत नाही. पावसात सुकं झाकायचं आणि एसीत ओलं झाकायचं, मी आता असंच करते.

खाज्याचं दुःख थोडं वेगळं. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वर आलं घातलेला गूळ. गोव्याच्या खाज्याला जीआय टॅगही, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय आणि जत्रेत कागदाच्या पुडीतून खाताना ते किती सुंदर लागतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण गुळात साध्या साखरेशिवाय ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, आणि फ्रुक्टोज हवेतलं पाणी फार लोभाने ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात खाजं उघडं ठेवलं की आधी वर ओल सुटते आणि मग ती ओल आतल्या बेसनाकडे सरकते. पेराद मात्र मजेत राहते. पेरूचा गर आणि साखर घोटून घोटून वड्या पाडलेल्या, आतलं पाणी साखरेने आणि पेरूतल्या पेक्टिनने धरून ठेवलेलं, ती बाहेर काढून तासन् तास ठेवली तरी तिला फारसं काही होत नाही. पाहुण्यांसाठी पाट लावायचा असेल तर पेराद आधी मांडा, ती थांबते.

आता पोई. आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून हॉर्न वाजवत सकाळ-संध्याकाळ येतो, आणि कोंडा लावलेली, आतून पोकळ, गरम पोई हातात आली की तिचं काय करायचं हा खरा प्रश्न असतो. पोई पोकळ होते कारण कडक तापलेल्या भट्टीत आतल्या पाण्याची वाफ एकदम होते आणि दोन पदर सुटतात, म्हणजे इथेही पाणीच. बहुतेकांना वाटतं पाव शिळा होतो म्हणजे सुकतो, पण फ्रेंच शास्त्रज्ञ बुसँगो याने १८५२ मध्येच दाखवलं होतं की पाणी अजिबात बाहेर जाऊ दिलं नाही तरी पाव शिळा होतो, आणि तोच पाव ७० अंशांच्या आसपास गरम केला की परत ताज्यासारखा मऊ होतो. कारण स्टार्च. भाजताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, विस्कटतात, आणि थंड झाले की त्यांचे रेणू परत शिस्तीत ओळी धरायला लागतात, त्या ओळी कडक. आणि ही ओळी धरण्याची क्रिया फ्रीजच्या तापमानाला सगळ्यात वेगाने होते, म्हणून आदल्या रात्रीची पोई फ्रीजमध्ये ठेवणं म्हणजे तिला मुद्दाम शिळं करणं आहे. फ्रीझरमध्ये ठेवली तर चालेल, तिथे क्रिया जवळजवळ थांबते. आणि वरचा पापुद्रा चामड्यासारखा होतो तो मात्र पाण्यामुळेच, आतल्या मऊ भागाचं पाणी बाहेरच्या सुक्या भागात येतं, एकाच पोईत उतार. प्लास्टिकच्या पिशवीत बांधली की हे आणखी लवकर. सुती फडक्यात गुंडाळा, आणि पाहुणे चपला काढतायत असं दिसलं की मग तव्यावर टाका. आधी नाही.

श्रीखंड कडू का झालं याचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडलं. अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं जे प्रोटीनचे तुकडे करतं. दही, चक्का, श्रीखंड, पनीर, सगळीकडे दुधाचं प्रोटीन, त्याचे तुकडे झाले की काही छोटे तुकडे चवीला कडू असतात, म्हणजे श्रीखंड बिघडलेलं नव्हतं, अननसाने ते थोडंसं पचवलं होतं. अननस जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते त्यातही याच एन्झाइमचा हात आहे, आणि शिवाय अननसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात ते टोचतात. उपाय सोपा, गरम केलं की ब्रोमेलेन मरतं. अननसाच्या फोडी साखरेत पाचेक मिनिटं चांगल्या उकळून घेतल्या की श्रीखंडात घातल्या तरी चालतात, डब्यातला अननस केकवरच्या क्रीमला काही करत नाही तेही याचमुळे. पपईतही असं एन्झाइम आहे, पपेन, पण ते कच्च्या पपईच्या चिकात भरपूर असतं, पिकल्यावर खूप कमी होतं.

केळं काळं पडतं ते वेगळ्या एन्झाइमने. कापताना पेशी फुटतात, आत वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेली रसायनं आणि एन्झाइम एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी रंग तयार होतो. लिंबू पिळलं की दोन कामं होतात, आंबटपणामुळे एन्झाइम मंदावतं आणि क जीवनसत्त्व तयार होऊ पाहणारा रंग मागे फिरवतं. पण माझं मत विचाराल तर केळं कापूच नये. साल्दाटी किंवा रसबाळीचा छोटा घड तसाच सालीसकट पाटावर ठेवला की दिसतोही छान, आणि निसर्गाने दिलेलं झाकण कशाला काढायचं.

सगळ्यात काळजीची वस्तू म्हणजे चिबूड आणि चटणी. चिबूड कापला की आमच्याकडे सगळ्यांना तो हवाच असतो, पावसाळ्यातलं फळ, जिभेवर भुसभुशीत विरघळतं, वर गूळ घालून तर विचारूच नका. पण बरीचशी फळं आंबट असतात तसा तो नाही. अननस चांगला आंबट असल्याने कापलेल्या अननसात रोगजंतू सहज वाढत नाहीत, खरबुजाच्या जातीच्या फळांत मात्र आम्ल फार थोडं आणि पाणी भरपूर, त्यामुळे साल्मोनेला, लिस्टेरियासारख्या जंतूंना ती मानवतात, आणि हे जंतू बहुतेकदा सालीवर असतात आणि सुरी त्यांना आत नेते. म्हणून चिबूड कापायच्या आधी साल नळाखाली चोळून धुवायची. ओल्या खोबऱ्याच्या चटणीचंही तेच, पाणी मोकळं, आंबटपणा नाही. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू वाढतात, सोयीचं तापमान असेल तर काही जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. म्हणून असे पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि उकाडा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. त्या दिवशी आमची चटणी साडेसातपासून बाहेर होती. वहिनीने ती गुपचूप ओतून टाकली आणि नवी वाटली, तिचं बरोबर होतं.

अंड्यांचं थोडक्यात, बलकाभोवती हिरवट कडं येतं ते जास्त उकळल्याने, पांढऱ्यातला गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येतं, खायला काही धोका नाही, पण उकळून झाल्यावर लगेच थंड पाण्यात टाकली की येत नाही. आणि लहान मुलं असतील तर दोन गोष्टी खरंच विसरू नका, वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही कारण त्यात बोट्युलिझम नावाच्या गंभीर विषबाधेच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, आणि काजूची अ‍ॅलर्जी आहे का हे आधी फोन करून विचारायचं, गोव्यात काजू इतके सगळीकडे असतात की आपल्याला ते विचारायचं सुचतच नाही.

किती लागतं हाही प्रश्न असतो. पाहुणे म्हणतात आम्ही सकाळी फारसं खात नाही आणि मग पाट रिकामा होतो. हे खोटं बोलत नाहीत बरं का. एकच पदार्थ खात गेलं की त्या पदार्थाची गोडी कमी होत जाते, पण दुसऱ्याची तशीच राहते, जीभ नव्याने तयार. आहार-संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, लोकांना एकाच सारणाची सँडविचेस दिली आणि मग चार वेगवेगळ्या सारणांची, तर चार प्रकार असताना लोकांनी साधारण एक तृतीयांश जास्त खाल्लं. म्हणून पाट लावताना दहा प्रकार असतील तर प्रत्येक थोडा थोडा ठेवा पण एकूण अंदाज मात्र जरा चढाच धरा, आणि जास्तीचं पाटावर रचू नका, आत डब्यात ठेवा आणि संपेल तसं आणा.

आता मी पाट असा लावते. पाटावर आधी केळीचं पान, त्याच्यावरचं मेण पाणी शोषत नाही आणि पाटाला ओल लागत नाही. एका टोकाला सुकं, काजू आणि खाजं, दोन्ही झाकणाच्या काचेच्या बरण्यांत, लोक झाकण काढून घेतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. मधे पेराद, मध, लोणी, हे कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुसऱ्या टोकाला ओलं, प्रत्येक आपल्या वाटीत, चटणीची आणि चिबडाची वाटी बर्फाच्या परातीत. श्रीखंड अननसाच्या अगदी विरुद्ध बाजूला. पोई पाटावर नाहीच, ती फडक्यातून गरम गरम येते.

हे सगळं मला कळलं तेव्हा आठवली आजीची दिवाळीची सकाळ. नरकासुर जाळून झाला, कारीट फोडलं, आंघोळी झाल्या, की शेजारपाजारचे लोक फोव, म्हणजे पोहे, खायला यायचे, दुधातले, ताकातले, रोसातले, बटाट्याचे, गूळ-खोबऱ्याचे. आणि आजी एकही प्रकार आधी कालवून ठेवत नसे. सुके पोहे एका सुपात, नारळाचा रस वेगळ्या पातेल्यात, ताक वेगळं, आणि माणूस पाटावर बसला की मग कालवणार. आम्ही घाई केली की म्हणायची, थांब गो, फोव पाणी पितात.

यंदा तीच माणसं परत येणार आहेत चतुर्थीनंतर. उरलेल्याचं काय करायचं तेही वहिनीने आणि मी ठरवून ठेवलंय, काजू आणि खाजं बरणीतून डब्यात, नरम पडलं असेल तर काजू मंद आचेवर पाच मिनिटं परत भाजायचे म्हणजे आत शिरलेलं पाणी निघून जातं, खाज्याला मात्र हे चालत नाही, गूळ वितळतो. पेराद परत डब्यात. चिबूड आणि चटणी वाटीत उरली तर फेकून द्यायची, म्हणून चटणी यावेळी दोनदा वाटायची, अर्धा नारळ आधी आणि अर्धा मागाहून.